पत, व्याप आणि उसंत : उद्योजकाच्या आत्मकथनाचे एक तौलनिक वाचन

मराठीत ‘उद्योग’ हा शब्द गौरवाचा आहे आणि उपहासाचाही आहे. उद्योगाच्या घरी रिद्धिसिद्धी पाणी भरतात असे सांगणारी हीच भाषा ‘नसते उद्योग करू नकोस’ असेही बजावते. ‘व्याप’ या शब्दाचे असेच आहे. ज्याचा व्याप मोठा तो माणूस मोठा मानला जातो, पण ‘व्याप तितका संताप’ ही म्हणही लोकांनीच घडवली, आणि त्याच कुळातला ‘उपद्व्याप’ तर निव्वळ दोषवाचक आहे. लॅटिन भाषेतील व्यापारधंद्याच्या ‘नेगोशियम’ या शब्दाची फोड ‘जेथे उसंत नाही ते’ अशी होते. इंग्रजीतला ‘बिझनेस’ हे तर ‘बिझी’ असण्याचेच भाववाचक नाम. धंदा आणि अखंड व्यग्रता यांची सांगड भाषांनी अशी फार पूर्वीच घातलेली आहे. मराठीने मात्र ती घालताना एक शंका जवळ बाळगली. हा माणूस कामात आहे की केवळ खटाटोपात आहे, ही ती शंका. उद्योजकांच्या आत्मकथनांतून नेमकी हीच शंका गळालेली आढळते.

ही आत्मकथने मराठीत काही नवी नाहीत. १९९१ नंतरच्या आर्थिक बदलांनी त्यांची संख्या वाढवली एवढेच. ग्रंथप्रदर्शनात त्यांचे वेगळे दालन असते, त्यांचा वाचकही वेगळा असतो. समीक्षेने मात्र या ग्रंथांना ‘यशोगाथा’ म्हणून बाजूला ठेवले आणि आत्मचरित्राची चर्चा लेखक, समाजसुधारक, नटनट्या आणि दलित आत्मकथनकार यांच्यापुरती चालू ठेवली. परिणामी एक साधा प्रश्न विचारलाच गेला नाही. उद्योजक जेव्हा आपण पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबलो असे लिहितो, तेव्हा तो ते कोणाला सांगत असतो? सद्गुणाचा उपदेश म्हणून ते विधान वाचणे सोपे आहे. परंतु ज्या प्रसंगांत ते येते ते प्रसंग पाहिले, तर ते बहुधा कोणाकडे तरी पैसा, जमीन, माल किंवा विश्वास मागण्याच्या आसपास आलेले असते. ते एक प्रकारचे तारण आहे. मराठीत यासाठी ‘पत’ हा नेमका शब्द उपलब्ध आहे: अब्रूही पत आणि उधारीची योग्यताही पतच. व्यग्रतेची वर्णने या ‘पत’ संकल्पनेच्या अंगाने वाचली तर काय हाती लागते, हे वेगवेगळ्या भाषांतील काही संहितांच्या आधारे पाहणे हा येथील हेतू आहे.

आरंभ बेंजामिन फ्रँकलिनपासून करणे अपरिहार्य आहे, कारण या वाङ्मयप्रकाराचा साचा त्याच्या आत्मचरित्रात सापडतो. पहाटे पाचला उठून रात्री दहाला झोपेपर्यंतचे त्याचे वेळापत्रक, तेरा सद्गुणांची यादी, त्यांच्या पालनाची चौकटी वही हे सारे पुढे शेकडो पुस्तकांनी उचलले. १७४८ मध्ये एका तरुण व्यावसायिकाला उद्देशून लिहिलेल्या छोट्या उपदेशपत्रात त्याने वेळ म्हणजेच पैसा हे समीकरण मांडले. त्याच पत्रात एक तपशील आहे, ज्याकडे माक्स वेबरने विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष वेधले: सकाळी पाचला किंवा रात्री आठला तुमच्या हातोड्याचा आवाज धनकोच्या कानी पडला, तर तो आणखी सहा महिने निश्चिंत राहतो, तोच धनको तुम्हाला खेळाच्या अड्ड्यावर पाहील, तर दुसऱ्या दिवशी पैसे मागायला येईल. वेबरने यात भांडवलशाहीची एक नीतिदृष्टी पाहिली आणि ते चूक नाही. पण फ्रँकलिनच्या वाक्याचा रोख नीतीपेक्षा कानाकडे आहे. हातोड्याने काय घडले याला येथे स्थान नाही. तो ऐकू आला की नाही, यावर मुदतवाढ ठरते. आत्मचरित्रातही तो मोकळेपणाने सांगतो की आपण उद्योगी असण्याबरोबर उद्योगी दिसण्याचीही काळजी घेतली, आणि विकत घेतलेला कागद कधीकधी स्वतः हातगाडीवर घालून रस्त्याने नेला.

येथे तीन गोष्टींची नोंद करावयास हवी. पहिली, ज्या १७४८ साली हे उपदेशपत्र लिहिले गेले त्याच वर्षी फ्रँकलिनने, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, छापखान्याचा कारभार डेव्हिड हॉल या भागीदाराकडे सोपवून स्वतः निवृत्ती पत्करली. वेळेचा मोल सांगणारा माणूस ते मोल देऊन उसंत विकत घेत होता. दुसरी, आत्मचरित्राचा पहिला भाग १७७१ मध्ये इंग्लंडातील ट्वायफर्ड येथे एका स्नेह्याच्या ग्रामीण घरी लिहिला गेला, आणि लेखनाच्या आरंभीच तो आपल्याला आठवडाभराची अखंड सवड मिळाली असल्याचे कारण देतो. व्यग्रतेचा हा आदिग्रंथ सवडीत जन्मला. तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. दुकान सांभाळणे, पत्रके शिवून बांधणे, कागदासाठी जुन्या चिंध्या विकत घेणे ही कामे पत्नी डेबोरा करी, याचा उल्लेख तो कृतज्ञतेने करतो. पण तिच्या दिवसाचे वेळापत्रक पुस्तकात नाही. त्याच्या घरी गुलाम होते आणि त्याच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. त्यांच्या दिवसाचे वेळापत्रक असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

तरीही फ्रँकलिनला त्याच्या अनुयायांपेक्षा वरचढ लेखक मानावे लागते, कारण तो स्वतःवर हसू शकतो. सुव्यवस्था हा सद्गुण आपल्याला कधीच साधला नाही हे सांगताना तो एका गिऱ्हाइकाची कथा देतो: कुऱ्हाड पूर्ण चकचकीत करून हवी म्हणून स्वतः सहाणेचे चाक फिरवायला लागलेला तो माणूस शेवटी दमून म्हणतो की आपल्याला ठिपक्याठिपक्यांची कुऱ्हाडच अधिक आवडते. डी. एच. लॉरेन्सने १९२३ मध्ये फ्रँकलिनची जी टवाळी केली, तिच्यात ही कुऱ्हाड विसरली गेली. आणि विसाव्या शतकातल्या यशोगाथाकारांनी वेळापत्रक तेवढे घेतले, कुऱ्हाड सोडून दिली.

फ्रँकलिनच्या आधी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ, १६४१ मध्ये, आग्र्याला बनारसीदास या श्रीमाळी जैन व्यापाऱ्याने ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र ब्रजभाषेत लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले, तर पंचावन्न वर्षांची ही कथा अर्धी, म्हणून हे नाव. मुकुंद लाठ यांच्या १९८१ मधील इंग्रजी अनुवादामुळे ते व्यापक अभ्यासाच्या कक्षेत आले. भारतीय आत्मचरित्राच्या इतिहासात त्याचे स्थान आरंभीचे म्हणून सांगितले जाते; परंतु व्यापाऱ्याचे आत्मकथन म्हणून त्याची फ्रँकलिनशी तुलना केल्याशिवाय त्याचे वेगळेपण ध्यानात येत नाही.

बनारसीदास हा अयशस्वी व्यापारी आहे, आणि ते तो लपवत नाही. लहानपणी वडीलधाऱ्यांनी त्याला बजावले होते की फार शिकणे हे ब्राह्मणाचे आणि भाटाचे काम, वाण्याच्या मुलाने हाटात बसावे, अति शिकेल तो भीक मागेल. त्याने ऐकले नाही. जौनपूरहून जवाहीर, तूप, तेल, कापड घेऊन तो आग्र्याला आला. काही माल तोट्यात विकला, काही जवाहीर हरवले, आणि अखेर घरात बसून रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही प्रेमाख्याने मोठ्याने वाचून दाखवण्याचा क्रम सुरू झाला. दहावीस माणसे ऐकायला जमत. या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. खिसा रिकामा झालेला बनारसीदास त्याच्याकडून रोज उधारीवर कचोऱ्या घेई, आणि हे महिनोन्‌महिने चालले. एकदा त्याने कचोरीवाल्याला एकांतात गाठून स्वतःच सांगितले की माझ्याजवळ काही नाही, तू मला यापुढे उधार देऊ नकोस. कचोरीवाल्याने उलट त्याला निर्धास्तपणे खात राहण्यास सांगितले. पुढे एका भागीदारीत हात वर आल्यावर बनारसीदासाने ती उधारी फेडली.

फ्रँकलिनचा धनको हातोडा ऐकून निश्चिंत होतो. बनारसीदासाचा धनको आख्यान ऐकून. दोन्हीकडे ऐकणेच आहे, दोन्हीकडे उधारीला मुदत मिळते. मात्र येथे पत जमली ती नेमक्या त्या कृतीवर, जिला फ्रँकलिनच्या उपदेशात दिवाळखोरीचे लक्षण मानले असते: धंदा सोडून रात्री काव्य वाचत बसणे. या प्रसंगाचे भाबडे गौरवीकरण करणे धोक्याचे ठरेल. सतराव्या शतकातील व्यापारी समूहात जात, धर्म, सोयरीक आणि नगरातील ओळखी यांचे जाळे पत ठरवीत असे, आणि त्या जाळ्याबाहेरच्या माणसाला कचोरीवाल्याने किती दिवस उधार दिले असते हा प्रश्न उरतोच. तरी इतके मान्य करावे लागते की व्यापाऱ्याच्या रिकाम्या दिवसांना या संहितेत पूर्ण जागा आहे. बनारसीदास ते दिवस वगळून पुढच्या नफ्याकडे धाव घेत नाही.

त्याच ग्रंथातील दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट बाजूचा आहे. सबलसिंह या बड्या सावकाराकडून भागीदारीचा हिशोब मिटवून घेण्यासाठी बनारसीदास त्याच्या हवेलीवर पुन्हा पुन्हा जातो. सावकार दरबार भरवून बसलेला असतो. गाणे, मृदंग, स्तुतिपाठक सारे चालू असते, आणि हिशोबाला मात्र ‘उद्या’ हेच उत्तर मिळते. मोठ्या माणसाला वेळ नसतो हे आपल्या परिचयाचे आहे. येथे त्याच्या ‘वेळ नसण्या’चा आतला भाग दिसतो, आणि तो भाग म्हणजे मैफल. धाकट्या भागीदाराचा वेळ मात्र दारात ताटकळण्यात जातो. व्यग्रता हा पदाचा निदर्शक आहे आणि ताटकळणे हा त्याचा खर्च आहे, हे सूत्र येथे विनोदाच्या हलक्या हाताने आले आहे. पुढे याच सूत्राला अरविंद अडिगांच्या कादंबरीत हिंसक रूप येते.

बनारसीदासाने तरुणपणी शृंगारावर रचलेली हजार पद्यांची पोथी पुढे गोमतीत टाकली. हे वाचताना मराठी वाचकाला त्याच काळातल्या दुसऱ्या नदीची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. देहूचे तुकाराम हे बनारसीदासाचे समकालीन. त्यांच्याही घरी दुकानदारी आणि महाजनकी होती, आणि दुष्काळात तीही बुडाली. चरित्रपरंपरा सांगते की वडिलोपार्जित येण्याची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडवली, आणि धाकट्या भावाच्या वाट्याची तेवढी वगळली. कवितेची वही बुडवण्याचा प्रसंगही त्यांच्यावर आला, पण तो दुसऱ्यांच्या दबावाने. दोन व्यापारी, दोन नद्या. बनारसीदासाने काव्य सोडले आणि हिशोब ठेवला. तुकारामांनी हिशोब सोडला. भावाचा वाटा वगळण्याचा तपशील मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. वैराग्याच्या क्षणीही दुसऱ्याच्या पतीला हात लावायचा नाही, हा वाण्याचा धर्म त्यात शाबूत आहे. तुकारामांच्या अभंगांतील माप, मुद्दल, भांडवल, लाभ या शब्दांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. धंद्यातून बाहेर पडण्याची एक रीत म्हणून खतपत्रांच्या या कथेकडे पाहिले गेले नाही. आजच्या यशोगाथांत धंद्यातून बाहेर पडणे म्हणजे कंपनी विकून मोठी रक्कम घेणे. येणे असलेली रक्कम सोडून देऊन बाहेर पडणारा नायक त्या चौकटीत बसणार नाही.

रामदासांना मात्र या चौकटीत बसवण्याचा प्रयत्न वारंवार झाला. ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकातील शिकवणीच्या समासात दिनक्रम आहे, एकही क्षण रिकामा जाऊ न देणे हे भाग्यवंताचे लक्षण म्हणून सांगितले आहे, आणि बाराव्या दशकात यत्नावर स्वतंत्र समास आहे. व्यवस्थापनाच्या शिबिरांत या ओव्या हमखास म्हटल्या जातात. पण रामदासांच्या दिनक्रमात श्रवण, मनन आणि एकांत यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांच्या महंताचा व्याप लोक जोडण्यासाठी आहे. त्याला धनको नाही. म्हणून त्याची व्यग्रता कोणाच्या कानावर पडावी अशी गरजही नाही. एवढा फरक विसरला की फ्रँकलिनला भगवी छाटी नेसवता येते.

आधुनिक मराठीत उद्योजकतेचे कथन रुजवण्याचे श्रेय किर्लोस्करांकडे जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावचे सायकलीचे दुकान, मुंबईच्या तंत्रशाळेतील नोकरी, बढती डावलली गेल्यावर तिला रामराम ठोकणे, लोखंडी नांगर, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये निवडुंग आणि साप यांच्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी हा कथाक्रम मराठी मध्यमवर्गाला पाठ आहे. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’ने कारखान्याचा ग्राहक आणि मासिकाचा वाचक एकमेकांजवळ आणले. नांगर घेणाऱ्याने विश्वास ठेवावा म्हणून सुरू झालेले पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि एका पिढीच्या विचारांचे वाहक बनले. हातोड्याचा आवाज छापून घरोघर पोचवण्याची ही सोय होती असे म्हटले तर ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे, की या मासिकाने ‘स्त्री’सारख्या भावंडासह जो विचारव्यवहार घडवला त्याला धनकोच्या समाधानात बसवता येत नाही.

किर्लोस्कर-कथेतील सर्वांत अर्थपूर्ण भाग कोणता याविषयी मतभेद होतील. पण कथनाच्या दृष्टीने तो नांगर न खपण्याचा आहे. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी नांगर घेईनात, आणि पहिली सहा नांगरांची खरेदी होण्यास दोन वर्षे लागली असे ही कथा सांगते. त्या दोन वर्षांत काय केले? खटपट केली, असे उत्तर मिळते, आणि कथा पुढे सरकते. पण ती दोन वर्षे वाट पाहण्याची होती. ज्या शेतकऱ्यांनी नांगर घेतला नाही त्यांचीही बाजू होती. पाऊस, कर्ज, बैलांची ताकद, एका हंगामाची जोखीम यांचा तो हिशोब होता. धंद्यात थांबणे हे काम असते, कित्येकदा मुख्य काम असते. उद्योजकाच्या कथनाला मात्र थांबण्यासाठी क्रियापद सापडत नाही. बनारसीदासाला ते सापडले होते. आणि पत या मुद्द्यावर आणखी एक गोष्ट: किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंधच्या राजघराण्याशी जुळलेल्या स्नेहामुळे मिळालेल्या जमिनीवर आणि भांडवलावर. कष्ट खरे होते. पण ते कष्ट एका संस्थानिकाच्या नजरेस पडू शकत होते, हेही तितकेच खरे होते.

ज्यांचे कष्ट सर्वांच्या नजरेस पडतात आणि तरी पत मिळत नाही, त्यांचे कथन मराठीत १९७८ मध्ये ‘बलुतं’ने आणले. दया पवारांच्या या ग्रंथाला उद्योजकांच्या आत्मकथनांशेजारी ठेवणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. पण अखंड व्यग्रतेचे याहून कठोर वर्णन मराठीत नाही. महाराच्या कामांची तेथे जी गणना येते तिला वेळापत्रकच नाही. सरकारी वसुली तालुक्याला पोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मर्तिकाचा निरोप गावोगाव नेणे, मेलेले ढोर ओढणे: बोलावणे येईल तेव्हा हजर राहायचे. दिवस आणि रात्र यांत फरक नाही, आठवडा नाही, सुटी नाही. आजच्या भाषेत ज्याला सदैव उपलब्ध असणे म्हणतात आणि ज्याचे कौतुक होते, ते येथे वतन या नावाने लादलेले आहे. मोबदल्यात बलुते, म्हणजे मागून आणायचे धान्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक आणले, ते मूलतः या अमर्याद वेळेच्या मागणीवरच बोट ठेवणारे होते. कामे निश्चित नसल्यामुळे माणूस चोवीस तास सरकारचा आणि गावाचा, ही त्यातील तक्रार होती.

मुंबईतल्या कावाखान्याच्या वर्णनात ‘बलुतं’ आणखी एक गोष्ट दाखवते. तेथील बाया शहरभर फिरून चिंध्या, कागद, काच, लोखंडाचे तुकडे गोळा करतात, निवडतात, विकतात. माल शोधणे, प्रतवारी, भाव, गिऱ्हाईक, रोजचा नफातोटा हे सारे त्यात आहे. डेबोरा फ्रँकलिनही चिंध्याच विकत घेत होती. पण एका ठिकाणी चिंध्यांतून छापखान्याचा कागद होतो आणि त्यावर आत्मचरित्र छापले जाते. दुसऱ्या ठिकाणी चिंध्यांना उद्योग हे नावच मिळत नाही. दगडू मारुती पवार आपली कथा दया पवारला सांगतो अशी जी निवेदनाची योजना या ग्रंथात आहे, तिची चर्चा बहुधा आत्मविभाजनाच्या अंगाने होते. तिचा दुसराही अर्थ लावता येईल. यशोगाथेचा निवेदक वाचकाला धनको मानून आपले राबणे पुढे ठेवतो. दगडूला असा धनको नाही, म्हणून त्याला ऐकणारा आपल्यातूनच काढावा लागला.

वेळेच्या या राजकारणाला अलीकडे पुन्हा उघड भाषा मिळाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे विधान गाजले. रविवारीही कर्मचाऱ्यांकडून काम करून घेता येत नाही याची खंत, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, असा प्रश्न त्यात होता. या विधानावर झालेली टीका मुख्यतः आरोग्य आणि उत्पादकता यांच्या अंगाने झाली. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यातील घराची प्रतिमा अधिक बोलकी वाटेल. तेथे घर म्हणजे काहीही न घडणारी जागा आहे आणि बायको ही पाहण्याची वस्तू आहे. डेबोराचे वेळापत्रक अद्याप लिहिले गेलेले नाही, याचा दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही. रविवारचा इतिहासही येथे आठवावा. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी १८९० मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील दीर्घ खटपटीनंतर, अर्ज, सभा आणि हजारो कामगारांच्या मेळाव्यानंतर. ही खटपटच होती, पण उसंतीसाठी केलेली. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत आता त्याच रविवारबद्दल वाद चालतो.

अरविंद अडिगांच्या ‘द व्हाइट टायगर’ या २००८ च्या इंग्रजी कादंबरीने उद्योजकाच्या आत्मकथनाचा साचा उचलून त्याचे विडंबन केले, आणि म्हणून ती येथे शेवटी घ्यावी लागते. बेंगळुरूचा उद्योजक बलराम हलवाई चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांना सात रात्री पत्रे लिहून आपल्या यशाचे रहस्य सांगतो. कादंबरीच्या वास्तववादाविषयी, विशेषतः तिच्यातील बिहारविषयी, आक्षेप घेतले गेले आणि त्यांत तथ्य आहे. बलरामची भाषा अनेकदा इंग्रजी शिकलेल्या शहरी माणसाच्या उपरोधाची वाटते. परंतु वेळेच्या रचनेबाबत ही कादंबरी अचूक आहे. बलराम ड्रायव्हर असताना त्याचे मुख्य काम गाडी चालवणे नसून थांबणे आहे. मॉलच्या बाहेर, हॉटेलच्या बाहेर, मंत्र्यांच्या बंगल्याबाहेर ड्रायव्हरांचा घोळका मासिके वाचत, गप्पा मारत उभा असतो, आणि आत मालक ‘बिझी’ असतो. सबलसिंहाची हवेली येथे दिल्ली-गुरगावात आली आहे. मालकाच्या एकेका मिनिटाला जी किंमत आहे ती या थांबलेल्या तासांमुळे आहे. नोकर पैशांची पिशवी घेऊन पळून का जात नाही याचे बलरामने दिलेले उत्तर पतीच्या भाषेत सांगता येते: त्याचे गावाकडचे कुटुंब तारण आहे. आणि मालकिणीच्या हातून अपघात होतो तेव्हा कबुलीजबाबावर सही मागितली जाते ती ड्रायव्हरकडे. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहावे तसे त्याने दुसऱ्याच्या गुन्ह्याला जामीन राहायचे.

खून करून आणि पैसे घेऊन तो बेंगळुरूला येतो, पोलिसांना लाच देऊन प्रतिस्पर्ध्यांना बाजूला सारतो आणि कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी टॅक्सी कंपनी काढतो. पत्रे तो रात्री लिहितो, डोक्यावरच्या झुंबराखाली बसून. त्याला रात्री सवड आहे, कारण त्याचा धंदा रात्री चालतो आणि गाड्या इतर लोक चालवत असतात. ट्वायफर्डच्या घरातली आठवडाभराची सवड आणि ही झुंबराखालची सवड एकाच जातीची आहे. अशाच एका रात्री त्याच्या एका ड्रायव्हरच्या गाडीखाली सायकलवरचा मुलगा ठार होतो. बलराम पोलिसांशी बोलून प्रकरण मिटवतो, नंतर मृताच्या घरी जातो, आईवडिलांपुढे पैसे ठेवतो आणि दुसऱ्या मुलाला आपल्याकडे नोकरी देऊ करतो. हे तो पंतप्रधानांना आपल्या चांगुलपणाचा दाखला म्हणून सांगतो.